पाचव्या फेरीतला नाच

३ ऑक्टोबर

ठरलं एकदाचं! खेमची झुंज दूर दक्षिणेत, नाखोनला. पितरांच्या महिन्यात तिथे मोठी जत्रा भरते, विहारामागच्या मैदानात रिंगण घालतात. समोर तिथलाच पोरगा, आदुल नावाचा. आणि बँकॉकचा तो झुंजी लावणारा सोनसाखळीवाला माणूस खास आमच्या खेमला बघायला येणार आहे. खेम जिंकला तर बँकॉकच्या मोठ्या रिंगणात त्याचं नाव लागणार. हरला तर — तर काही नाही. सव्वीस वर्षांच्या मुष्टियोद्ध्याला बघायला कोण दुसऱ्यांदा येतं? पुढच्या साली नवी कार्टी उगवतील. तेव्हा जे काय ते आत्ताच.

मी जाणार आहे. वस्ताद सनन म्हणाले, लांबचा प्रवास, गाडीत दाटी, बुनमाबाई तुम्ही घरीच थांबा. मी म्हटलं, पोरगा माझा आहे आणि झुंजीही तुमच्याइतक्याच बघितल्यात. खोटं नाही ते. वीस वर्षं रिंगणाच्या बाहेर कोंबड्या भाजल्या मी. धूर डोळ्यांत जायचा पण कोणाची लाथ, कोणाचा गुडघा कोणाच्या बरगडीत गेला ते बरोबर दिसायचं. वस्तादांनी मान डोलावली. शहाणा माणूस!

४ ऑक्टोबर

दीर तिएन आला होता. गाडी त्याचीच, म्हणून ऐकून घ्यावं लागतं. म्हणे, वहिनी, येतेस तर ये, पण तिथे हातवारे करू नकोस. परका मुलूख आहे. खुणा करायला कोपऱ्यात वस्ताद आहेत.

ह्याच्या पोटात दुखतं ते एवढंच! बाईने रिंगणाला हात लावायचा नाही — बरं, नाही लावत. जन्मात लावला नाही. पण हात वर करायला कोणी मना केलंय?

खेमची नि माझी खूण साधी आहे. पाचवी, म्हणजे शेवटची फेरी ही डोक्याची फेरी. चौथीपर्यंत जो सरस ठरला तो पाचवीत लढत नाही, मागे मागे नाचत राहतो, मी जिंकलोय बघा, आता मला कशाला दमवता, असं. जो मागे पडलाय त्याने अंगावर जायचं. आपण पुढे की मागे हेच ज्याला कळलं नाही तो मेला. आणि आत मार खाणाऱ्याला ते कळत नाही, बाहेरून बघणाऱ्याला कळतं. म्हणून मी. पंजा वर केला की नाच. मूठ दाखवली की जा अंगावर. गेल्या तिन्ही झुंजींत मी पंजा वर केला, खेम नाचला, खेम जिंकला. तिएनने तिन्ही वेळा बघितलंय. तरी जळतोच.

५ ऑक्टोबर

पहाटे निघालो. मी, खेम, वस्ताद, तिएन. मागे चटया, चिकट भात, आणि माझा आंबवलेल्या माशांचा डबा. तिएन म्हणतो वासाने चाक पंक्चर होईल. तरी दुपारी सगळ्यात आधी त्यानेच हात घातला डब्यात.

खेमला जेवायला नाही. वजन व्हायचंय. चटईवर पडून होता. डोक्यावरून हात फिरवला तर म्हणाला, आई, तू झोप. मी कशी झोपणार!

६ ऑक्टोबर

पोचलो. वजन बरोबर भरलं. मग पोराने भात असा खाल्ला की बघत राहावं. इथलं कालवण म्हणजे नुसती हळद नि जाळ. मी दोन घास खाल्ले आणि मुकाट्याने माझा डबा काढला.

आदुलला बघितलं. काटकुळा आहे, पाय तेवढे लांब. आमच्या खेमने एकदा पकडीत घेतला की संपलं. हे मी तिएनला सांगितलं, वस्तादांना सांगितलं आणि शेजारच्या चटईवरच्या अनोळखी बाईलाही सांगितलं. ती म्हणाली, आदुल माझा भाचा. म्हटलं, मग उद्या त्याला मऊ भात करून ठेवा. हसली बिचारी. बरी आहे बाई.

७ ऑक्टोबर

लिहिताना दोनदा पेन्सिल मोडली. रागाने!

पहिल्यापासून लिहिते. वस्तादांनी मंतरलेलं दोऱ्याचं कडं खेमच्या डोक्यावर घातलं. त्याने गुरुवंदनेचा नाच केला तो असा की आदुलचे लोकही गप्प बसले. मग माझ्या दिशेला वळून तीनदा वाकला. डोळे भरून आले, काय करू. आईच आहे मी.

जागा मला बाकांवर मिळाली, रिंगणाच्या उजव्या अंगाला. बरी जागा. झुंजीला सनई वाजवणारा म्हातारा मात्र आमच्याकडच्यापेक्षा ढिला. पहिल्या दोन फेऱ्या नेहमीसारख्या, चाचपणी. तिसरीत खेमने त्याला धरलं. गुडघा, गुडघा, गुडघा! मी मोजत होते. आदुल लाथा घालत होता, पण त्या सगळ्या खेमच्या दंडावर अडत होत्या. मला स्वच्छ दिसत होतं. चौथीतही तेच. अशी झुंज शेंबड्या पोरानेही ओळखावी — आमचा पुढे.

चौथीनंतर खेम कोपऱ्यात बसला. आणि वस्ताद सनन त्याच्या मांडीवर थापा मारत ओरडायला लागले. ते मला बाकावर ऐकू आलं — मागे आहेस, जा, अंगावर जा, ह्या फेरीत काढ सगळं! माझा विश्वासच बसेना. वस्ताद घाबरले असणार, परका मुलूख ना. म्हणजे आता पोरगा उगाच अंगावर जाणार, एखादं कोपर खाणार आणि जिंकलेली झुंज घालवणार. मी बाकावर चढले. दोन्ही पायांवर उभी राहिले आणि पंजा वर केला. उंच.

मागून कोणीतरी ओरडलं, ए मावशी, खाली बस. सगळं मैदान वळून बघायला लागलं. हसायला लागले. तिएन पण! म्हणाला, वहिनी, उतर, लाज काढू नकोस. मी उतरले नाही. मी काय त्यांना दाखवत होते? मी माझ्या पोराला दाखवत होते.

खेमने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वस्तादांकडे. मग घंटा झाली आणि तो नाचायला लागला. मागे, मागे, हात खाली. वाटलं, शाब्बास, माझा गुणाचा! समोर बघते तर आदुलही नाचतोय. दोघेही नाचतायत. वस्तादांनी टॉवेल जमिनीवर आपटला.

निकाल — आदुल.

सोनसाखळीवाला आदुलचा हात वर होईपर्यंतही थांबला नाही. खुर्ची सरकवून गेला.

चोर आहेत पंच! घरच्या पोराला दिली. आपला तो बाब्या. दुसरं काय म्हणणार?

८ ऑक्टोबर

परतीचा रस्ता. वस्ताद पुढे बसले, पाठ माझ्याकडे. मी दोनदा पंचांचं बोलून बघितलं. शेवटी तिएन म्हणाला, "वहिनी, नाचायला तूच लावलंस. आता अंगण वाकडं म्हणू नकोस."

मी त्याला चांगलं ऐकवलं. काय ऐकवलं ते लिहीत नाही.

खेम तेवढा पाठीमागून म्हणाला, काका, सोडा ना. गेली एक झुंज. माझी बाजू घेणारा तो एकटा.

९ ऑक्टोबर

घरी. कोंबड्यांना दाणे टाकले. शेजारणी विचारायला आल्या. सांगितलं, पंच विकले गेले होते. सगळ्यांना पटलं.

१० ऑक्टोबर

औषधी पाल्याची पुरचुंडी वाफवून खेमला शेकायला बसले. म्हटलं, सदरा काढ. नको म्हणाला. काढ म्हणते ना!

डावी बाजू बघितली. काखेपासून कमरेपर्यंत काळीनिळी. लाथेवर लाथ. दंडावर मात्र एक वळ नाही. मी उजवीकडे बसले होते. माझ्या बाजूने वाटत होतं दंडावर अडतायत. पलीकडच्या अंगाला सगळ्या लागत होत्या.

शेकलं. हळू शेकलं. तो डोळे मिटून पडला होता. मी पुरचुंडी पुन्हा वाफेवर धरली. तरी मनात म्हणतेय, चूक कोणाची होत नाही? बाहेरून बघणारीची झाली एकदा. तीन वेळा बरोबर, एकदा चूक. आणि खेमला तरी आत कुठे कळत होतं? त्याने विश्वास ठेवला माझ्यावर, वस्तादांपेक्षा जास्त. वाईट ह्याचंच वाटतं. त्याला उद्या तसं सांगणार आहे. सरळ सांगणार, मी काही भित्री नाही.

११ ऑक्टोबर

सांगितलं. म्हटलं, माझं ऐकलंस म्हणून बुडालास.

तो म्हणाला, "मागे होतो ते मला तिसरीपासून माहीत होतं, आई. बरगड्या माझ्याच ना."

मग नाचलास का रे?

"तू बाकावर उभी होतीस. सगळे हसत होते. मी अंगावर गेलो असतो तर तू तो हात खाली कसा घेतला असतास?"

मी त्याच्या ताटात भात वाढला. मग विचारलं, आणि आधीच्या तीन वेळा?

भात कालवत होता. वर न बघता म्हणाला, "तेव्हा पुढेच होतो. तुझ्याकडे बघितलंही नव्हतं."