बारावा गोल

वहिनी,

तुम्हाला वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून अर्ध्यापर्यंतच). तुमची कंबर आणि दादाचा खोकला कसा आहे ते कळवा. फोनवर तुम्ही अर्धा तास तेच सांगितलंत, पण पत्रात विचारायची रीत असते. इकडे आम्ही ठीक. हे घरात आहेत, म्हणजे टीव्हीसमोर आहेत.

मी फरशी पुसते त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला नव्या बाई आल्यात. शिकवतात कॉम्प्युटर, पण पहिले दोन महिने त्याला हात लावू देत नाहीत. आधी डोकं चालवा, मग बटण दाबा, म्हणतात. पोरं पत्ते लावतात, दोऱ्या ओढतात, आणि माझ्या धुतल्या-पुसल्या व्हरांड्यात खडूने रेघा मारून त्यावरून चालतात. सहा जण, हातात आकड्याची एकेक चिठ्ठी. रेघा जिथे मिळतात तिथे गोल, असे बारा गोल. गोलात दोघं भेटायचे, लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे, की चालू पुढे. शेवटी सगळे आपोआप लहान-मोठ्याच्या ओळीत उभे. (आमच्या घरी डबे एकात एक लावायला सांगा, तीन माणसांत भांडण होतं.) महिनाभर मी त्या गोलांच्या कडेकडेने पुसत होते, आणि तोंडाने त्यांचा उद्धार करत होते.

मग पालकांची तक्रार गेली, की पोरं कॉलेजात जाऊन खेळतात. प्रिन्सिपल म्हणाले, शनिवारी बघायला येतो, पटलं नाही तर हे सगळं बंद. बाईंचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, कारण ओल्या फरशीवरून चपला हातात घेऊन जाणारं चोवीस वर्षांत हेच एक माणूस भेटलं.

शनिवारी साहेब येणार म्हणजे व्हरांडा चकाचक हवा. मी पहाटेच येऊन सगळा घासून काढला. बाई आल्या, बघत राहिल्या.

"मावशी, रेघा?"

"पुसल्या. साहेब यायचेत ना."

बाई मटकन पायरीवर बसल्या. रेघांचा कागद घरी राहिलेला. मी म्हटलं, रडायचं ते मागाहून रडा, खडू द्या. वहिनी, महिनाभर ज्याला शिव्या घातल्या ते विसरतं का कुणी? (तुम्हीसुद्धा मला पाठ आहात.) बादलीच्या बुडाभोवती खडू फिरवून बाराच्या बारा गोल काढले, रेघा जोडल्या, तोवर साहेब हजर.

पोरं चालली, आणि शेवटी चार नंबर तीनच्या आधी उभा. साहेबांची भुवई वर. पण पोरं काही घाबरली नाहीत. एक पोरगी म्हणाली, थांबा, उलटं चालत जाऊ. एकेक पाऊल मागे घेत सगळे गेले आणि शोधलंच, की मधला शेवटचा गोल नाही, म्हणून तीन आणि चार भेटलेच नाहीत. तिने खडू घेऊन गोल काढला, पुन्हा चालले, ओळ बरोबर. साहेबांनी स्वतः एक चिठ्ठी मागून घेतली आणि बुटांसकट चालून बघितलं. चूक झाली कुठे हे पोरांना सापडतं, तर वर्ग चालू राहू दे, म्हणाले. त्यांच्या बुटांचे ठसे मी पुसले, पण शिव्या न देता.

दादाला नमस्कार, पोरांना धपाटा.

तुमची नणंद

ता. क. तो गोल मी मुद्दाम सोडला, पोरांची परीक्षा बघायला, असं समजून बाईंनी साहेबांदेखत माझी तारीफ केली. गोल मी काढला होता. त्यावर ओली बादली ठेवली, उचलली, गोल बादलीबरोबर गेला. हे तुम्हालाच सांगतेय.

ता. क. आईच्या पेटीत तळाशी माझा चौथीचा दाखला असेल, तो टपालाने पाठवा. बाई संध्याकाळी आम्हा कामवाल्यांचा वर्ग घेणार आहेत, फॉर्मला लागतो. दादाने विचारलं तर ऑफिसात मागितलाय म्हणा. आणि हसायचं असेल तर आधी दाखला पेटीत टाकून या, मग हसा. पोस्टाच्या पेटीत, आईच्या नव्हे.