मानेपर्यंत न पोचलेली पावडर

अप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी पुढे केलेला डबा मी आधी उघडून हुंगतो, मग वरचं लेबल वाचतो, आणि एवढं करूनही माझा विश्वास बसत नाही. ही तुमचीच देणगी. ज्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तुमची हयात गेली, तिकडे मी फिरकायचंसुद्धा नाही असं तुम्ही ठरवलं होतं. आणि आज मी कुवेतमध्ये एका शूटिंग क्लबच्या मागच्या खोलीत बसून मेंबर लोकांच्या रायफलींसाठी काडतुसं हाताने भरतो. तुम्ही दारू म्हणायचात, मी पावडर म्हणतो. या देशात दारू हा शब्द फोनवर मोठ्याने बोलायची सोय नाही.

आपल्या स्वयंपाकघरात कुठल्याही डब्यात काहीही असायचं. बिस्किटांच्या डब्यात चणाडाळ, कॉफीच्या बरणीत जिरं. एकदा आईने नवा रवा जुन्या रव्यावर ओतला आणि तुम्ही तो सगळाच्या सगळा फेकून दिलात. "आता यातला नवा कुठला, जुना कुठला, ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल का?" आई म्हणाली, "घर आहे हे, तुमचा कारखाना नाही." मी अर्थातच आईच्या बाजूचा. त्याच दिवशी आपली स्कूटर चढावर बंद पडली. तुम्ही मला हँडल धरायला बसवलंत आणि मागून ढकलू लागलात. मी ओरडलो, "अप्पा, एकदाच जोरात धक्का द्या ना!" तुम्ही धापा टाकत म्हणालात, "जोरात दिला तर तू पडशील. लागून राहायचं असतं." वर पोचल्यावर घाम पुसत तुम्ही सांगितलंत, की मोठ्या काडतुसाचंही असंच. दारू भरायची पितळी पुंगळी मोठी, बंदुकीची नळी तिच्या मानाने अरुंद, गोळी जड. भपकन जळणारी दारू घातली तर गोळी जागची हलायच्या आत सगळा जोर मागे येतो, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून तिथे सावकाश जळणारीच हवी, गोळीला नळीच्या टोकापर्यंत ढकलत नेणारी. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. मला घरी जायचं होतं.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट ऐका. एका मेंबरला शिकारीला परदेशी जायचंय, त्याच्या मॅग्नम रायफलची, म्हणजे तुमच्या त्या मोठ्या जातीची, काडतुसं मी भरतोय. सावकाश जळणाऱ्या पावडरचा डबा उघडलाय, वजन नेहमीचंच केलंय, नरसाळ्यातून पावडर पहिल्या पुंगळीत ओतलीय. टॉर्च धरून आत बघतो तर पावडर पुंगळीच्या मानेपर्यंत, वर ती निमुळती होते तिथवर, आलेलीच नाही. नेहमी तेवढ्याच वजनाला येते. फार नाही, जेमतेम बोटाच्या नखाएवढी खाली. मी काटा पुन्हा तपासला, दुसरी पुंगळी भरली, तीही तशीच. लवकर जळणारी पावडर मिसळली असली तर असं होतं, ती तेवढ्याच वजनाला कमी जागा घेते. दाणे हातावर घेतले. शेवयांचा चुरा असावा तसे करडे, बारीक. त्यात दोन जाती मिसळल्या असतील तर डोळ्यांना काय कळणार?

माझा संशय लगेच चाचांवर गेला. चाचा रत्नागिरीकडचे, वयाने मोठे. जलीब या कामगारवस्तीतल्या खोलीत मला पहिली जागा त्यांनी दिली, हे काम शिकवलं त्यांनी, आणि अजूनही त्यांच्या डब्यातलं माशाचं कालवण निम्मं माझ्या ताटात येतं. आदल्या दिवशी ते लहान रायफलीची काडतुसं भरत होते, तिला लवकर जळणारी पावडर लागते. यंत्राच्या भांड्यात उरलेली पावडर त्यांनी नमाजाच्या घाईत चुकून या डब्यात ओतली असेल तर? टेबलावर एका वेळी एकच डबा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. आणि मी सकाळी आलो तेव्हा टेबलावर दोन होते.

"भाऊ, तो दुसरा रिकामा होता," चाचा म्हणाले. "नि पावडर खाली दिसते ती बसली असेल. गाडीतनं येते, हलते. अल्लाची शपथ, मी नाही ओतली." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. की बघितलं, आणि मीच नजर चुकवली? मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, आला. त्याने एवढंच विचारलं, "संशय आहे की खात्री?" मी म्हणालो, "संशय." "मग भर. नवा डबा परवानगीत अडकलाय." मी पुंगळ्या उलट्या केल्या आणि सांगितलं, हा डबा जाळायचा. चाचा हळूच म्हणाले, "म्हणजे मी खोटारडा." मुदीर तणतणत मेंबरला फोन करायला गेला.

त्या क्षणी मला तुमचे ते दोस्त आठवले, दर रविवारी आपल्याकडे पोह्यांना येणारे. कारखान्यात माल तपासणं तुमच्याकडे होतं; त्यांच्या हाताखाली तयार झालेला माल तुम्ही नापास केलात आणि ते यायचे बंद झाले. आई म्हणाली होती, "या माणसाला सख्ख्या सावलीचाही संशय येतो." माल खरंच खराब होता का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं, पण त्याहून जास्त हे विचारावंसं वाटतं, की नापासाचा शिक्का मारल्यावर तुमच्या मनात काय चाललं होतं?

आम्ही डबा क्लबमागच्या वाळूत नेला, पावडरची पातळ रेघ ओढली आणि लांबून पेटवली. उघड्यावर सावकाश काय आणि लवकर काय, दोन्ही सारख्याच फुरफुरत जळतात. त्यातून काही सिद्ध होत नाही. तुम्हाला ते माहीत होतं, मलाही होतं. मेंबर भाड्याची रायफल घेऊ म्हणत चिडून गेला आणि धडधाकट परत आला. चाचा हल्ली गाडीत बसून जेवतात.

आईला मी फोनवर सांगितलं, की एका माणसाचे डोळे वाचवले. ती म्हणाली, "अगदी अप्पांवर गेलास." हे जे तुम्हाला लिहितोय ते मात्र तिला वाचून दाखवणार नाही. पावडर जळत होती तेव्हा मेंबरचे डोळे माझ्या मनातही नव्हते. ती चुकीचीच असू दे, चाचांनीच ओतलेली असू दे, एवढंच मी मनापासून मागत होतो. आणि चाचा, आग पसरू नये म्हणून, पाण्याची बादली धरून माझ्या शेजारीच उभे होते.