सुईखालचा फ्रॉक

३ फेब्रुवारी
अजून जुळलेलं नाही! नडगीचं हाड मोडून इतके महिने झाले, तरी दोन्ही टोकं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमरेच्या हाडातला मगज काढून त्या फटीत सोडू. त्यात मूळपेशी असतात. आपण काय व्हायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. काही हाड होतील, काही बाकीच्यांना कामाला लावतील."
म्हणजे आमच्या घरासारखंच!
नणंदबाईंचा फोन. "वहिनी, मे संपेपर्यंत बघू. नाहीतर मशीन मी नेते. गंजण्यापेक्षा बरं." बोलतात ते खरंच आहे, म्हणून जास्त लागलं. शिवणाचं पायमशीन गेलं तर मी दिवसभर करू काय?

५ फेब्रुवारी
मगज काढला, फटीत सोडला. कमर ठणकतेय, पाय गप्प. सगळं उलटंच!

२० मार्च
गोळ्यांची गुंगी. दुपारभर ऊन गादीवरून सरकत राहतं, मी त्याच्याबरोबर. वाटतं, त्या पेशी फटीच्या काठावर पाय सोडून बसल्यात. अगं, ठरवा की काहीतरी! असं मी त्यांना म्हणते — मोठ्याने. सासूबाई दारातून बघून जातात.
जिन्यावरून पडले त्या दिवशीचा भाचीचा, नणंदबाईंच्या लेकीचा, फ्रॉक अजून सुईखालीच आहे, अर्धा. सुईखालचं कापड दुसऱ्याने काढायचं नाही, हा आईचा नियम. सासूबाई त्यावरची धूळ फुंकतात, हात लावत नाहीत.
हे म्हणाले, "पूर्वी झोपेतही पॅडल मारायचीस. लाथा खायचो. आता इतकं शांत असतं की झोप लागत नाही."
रडूच आलं मला.

११ मे
एक्स-रे. फटीत काहीतरी धुरकट. "ढग आलाय," डॉक्टरीणबाई खुशीत. "पण पाय टेकायचा नाही हं! अजून कच्चं आहे."
नणंदबाई — "ढगावर मशीन चालतं होय?"
चालेल, चालेल. मी दिवसभर तो ढगच बघतेय, डोळे मिटून.

२८ मे
परवा मशीन न्यायला टेम्पो येणार.
दुपारी स्वप्न पडलं. पायाखाली पॅडल, गार. चाक फिरतंय, कापड ढगासारखं मऊ, आणि मी शिवतेय, शिवतेय — कुठे पोचायचंच नाहीये! जागी झाले तर पलंगावरच होते. पुन्हा डोळे मिटले, पण ते काही परत येईना.

२८ मे, संध्याकाळ
सासूबाई विचारतात, "दुपारी मशीन वाजत होतं का गं? मला वाटलं, मलाच स्वप्न पडतंय."
फ्रॉक पुरा झालाय. शेवटी टाका दोनदा मागे घेतलाय — तसा फक्त मी घेते. कुबड्या भिंतीशी, जिथल्या तिथे. माझ्या तळव्याला दोऱ्याचे तुकडे चिकटलेत.
पाय दुखत नाहीये!
उद्या डॉक्टरीणबाईंचा ओरडा खाईन, पोटभर. नणंदबाईंना आत्ताच कळवलं — टेम्पो नको, लेकीला घेऊन या. फ्रॉक तिला आखूड होणार. नवं माप घ्यायचंय.