धाकटीला उरलेलं नाव

३ मार्च

रिया-सिया!

नणंदेचा फोन ठेवला आणि आधी ही वही काढली, नाहीतर मी ओरडलेच असते. मुली होऊन चार दिवस नाही झाले आणि बाईंनी मोबाईलवरून सव्वीस जोड्या काढल्या. ईशा-निशा. काव्या-नव्या. तन्वी-मन्वी. विचारलं, मन्वी म्हणजे काय? म्हणे, "अगं वहिनी, अर्थाचं काय घेऊन बसलीस, जमतंय ना!" जमतंय. खिडकीला पडद्यांची जोडी घ्यावी तसं जमतंय.

इथल्या नर्सबाई बऱ्या. मुलींच्या हातातल्या पट्ट्या बघून 'एक नंबर' आणि 'दोन नंबर' म्हणतात. एक नंबर दहा बाराला झाली, दोन नंबर दहा एकोणीसला. सात मिनिटांचं काय ते मोठेपण. चेहरे हुबेहूब. तीळ नाही, डाग नाही, काही नाही.

काल दुपारी मुलांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. दोन नंबरच्या हृदयाला बारीकसं छिद्र आहे. "बरीचशी आपोआप बुजतात. दूध पिताना धाप लागते का, ओठ निळे पडतात का, वजन वाढतंय का, एवढं बघा. सहा आठवड्यांनी तपासू." इतक्या सहज म्हणाल्या, की त्या गेल्यावर मी आधी डबा संपवला आणि मग रडले.

माझ्याकडे एक नाव आहे. आईचं. आईला जाऊन तीन वर्षं झाली. कोणाला बोलले नाहीये.

५ मार्च

घरी आलो. चार जिने, दोन पोरी, एक टाके पडलेली बाई. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हसावं की रडावं!

७ मार्च

खालच्या मजल्यावरचे मास्तर येऊन गेले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हजेरी घ्यायची सवय सुटली नाही. खिशातून कागद काढला. दोन रकाने. "मोठीसाठी ही, धाकटीसाठी ही." मोठीच्या रकान्यात अठरा नावं, एकेक भारदस्त. धाकटीच्या रकान्यात चार. चारही दोन अक्षरी, कुत्र्याला हाक मारावी तशी. म्हटलं, मास्तर, हिच्या वाटचा कागद संपला का? चष्मा पुसत म्हणाले, "तसं नाही… आधी जरा सावरू दे ना तिला."

कोणी सांगितलं यांना? नणंदेनं. दुसरं कोण असणार. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

८ मार्च

कळलं आता मला. सगळं कळलं.

सासूबाईंनी सकाळी जाहीर केलं, त्यांच्या आईचं नाव मोठीला ठेवायचं. बरं, ठेवा. मी म्हटलं, मग धाकटीला काय? "बघू की. घाई काय आहे." मी म्हटलं, मग असं करू, तुमच्या आईंचं नाव धाकटीला देऊ. त्या दुपट्याच्या घड्या घालत बसल्या, घातलेल्याच पुन्हा घातल्या. मग म्हणाल्या, "चांगलं नाव आहे गं ते."

म्हणजे वाया जाईल! सरळ म्हणा ना. नाव काय कापडाचा तागा आहे, फाडलं की संपलं? सगळे मेले हात आखडता घेऊन बसलेत. चांगली नावं मोठीला, धाकटीला 'बघू'. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "तू फार मनाला लावून घेतेस." हा माणूस आठ मजले वर दोरीला लटकतो आणि स्वतःच्या आईपुढे तोंड उघडायला घाबरतो.

११ मार्च

आज मास्तरांनी आणखी नावं पाठवली. सगळी मोठीची.

१४ मार्च

हातातल्या पट्ट्या रुतायला लागल्या म्हणून कापल्या. नणंद आलेलीच होती. लगेच पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि धाकटीच्या अंगठ्याला लावलं. "म्हणजे घोळ नको!" वर स्वतःवरच खूश. बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरणाऱ्या भावाची बहीण, घोळाची काळजी करतेय!

मी लाँड्रीच्या काउंटरवर अकरा वर्षं आहे. रोज दोनशे कपडे, सगळ्यांना चिठ्ठ्या मीच लावते. एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी गेलाय असं एकदाही झालं नाही. मला कोणी खुणा शिकवू नयेत. आणि लाल चिठ्ठी आम्ही कशाला लावतो, तेही मला माहीत आहे. आधीच फाटलेल्या कपड्याला. उद्या फाटला तर आमच्यावर नको, म्हणून.

तो लाल अंगठा दिवसभर डोळ्यांत सलतोय.

१५ मार्च

पुसून टाकलं.

१६ मार्च

मजा आहे! सासूबाईंची पंचाईत झालीय. पाळण्यावर वाकतात आणि विचारतात, "ही कुठली?" मी म्हणते, ओळखा. "अगं सांग ना." म्हटलं, आजी ना तुम्ही? ओळखा.

मला ठाऊक आहे. दाराकडची मोठी, खिडकीकडची धाकटी. कोणाला सांगणार नाही. लक्ष मी दोघींवरही ठेवते. दूध पिताना ओठ बघते, छाती बघते, दोघींची. माझं काही अडत नाही.

आधी या बाई मोठीला तास-तास मांडीवर घ्यायच्या. धाकटीला नुसतं बोट लावायच्या, तापलेल्या तव्याला लावावं तसं. आता? नाइलाजानं दोघींना तास-तास! माझ्या अकलेचं मलाच कौतुक वाटतंय.

१९ मार्च

नणंद दोन झबली घेऊन आली. एक जाळीचं, फुलंबिलं असलेलं. दुसरं साधं पांढरं. उभी राहिली, बघतेय, कुठली कुठली कळेना. शेवटी जाळीचं माझ्या हातात देऊन म्हणाली, "तूच घाल." मी ते कपाटात ठेवून दिलं. तिला आजवर कोणी इतकं गप्प बसवलं नसेल.

२३ मार्च

गाढव! मी गाढव!

दुपारी डोळा लागला. उठले तर नवरा लवकर आलेला, दोघींचे लंगोट बदलून, पावडर लावून, पाळण्यात ठेवून बसलाय. बढाई मारतोय, "बघ, दोघींना एका वेळी केलं." मी विचारलं, कुठलीला कुठे ठेवलंस? "कुठलीला म्हणजे? होत्या तिथेच." होत्या तिथेच म्हणजे कुठे? त्या तर झोपल्या होत्या माझ्या दोन बाजूंना, पलंगावर! "तुला कळतं ना?" तो म्हणाला. म्हटलं, कळतं तर.

कळत नाही. तोंड बघितलं, पाय बघितले, रडायला लावून आवाज ऐकला. काही कळत नाही. अकरा वर्षं एक शर्ट इकडचा तिकडे नाही आणि पोटच्या पोरी—

२४ मार्च

वजन! धाकटी दोनशे ग्रॅमनं हलकी होती ना! खाली दवाखान्यात जाऊन वजन करून आले. फरक तीस ग्रॅम. त्यातही एकीनं काट्यावरच शू केली. नर्सबाई हसून म्हणाल्या, "गाठलं की हो धाकटीनं!" आणि माझ्याकडे बघत थांबल्या. मी पण हसले.

२६ मार्च

कोणाला सांगितलेलं नाही. सांगणार कशी? आई असून ओळखत नाही, हे त्या नणंदेला चघळायला आयुष्यभर पुरेल.

दोघींच्या छातीला कान लावून बसते. दोघींचं टकटक सारखंच. दोघींपैकी कोणीही जांभई दिली तरी उठून ओठ बघते. आधी एकीची काळजी होती, आता दोघींची झाली.

३१ मार्च

सासूबाईंशी भांडले. सरळ म्हटलं, तुम्हाला धाकटी मेलेलीच हवीय. असं म्हणायला नको होतं. पण म्हटलं.

त्या चिडल्या नाहीत. मांडीवर एक होती, कुठली कोण जाणे, तिच्या पायाला तेल चोळत होत्या, चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक झालं होतं. मुलगा. तिसऱ्याच दिवशी नाव ठेवलं मी, वडिलांचं. अकरा दिवस हाका मारल्या. मग ते नाव कोणालाच देता आलं नाही. याला द्यायचं होतं, जीभच वळेना." रात्री नवऱ्याला विचारलं, तुला माहीत होतं? नव्हतं.

तरी मी म्हणते, म्हणून धाकटीला बिननावाचं ठेवायचं? तिला काय हाक मारायची, अहो? पण मोठ्यानं नाही म्हटलं.

४ एप्रिल

नोंदणीच्या फॉर्मची मुदत चौदा तारखेपर्यंत. तपासणी अकराला. सगळे तपासणीनंतर ठरवू म्हणतायत. निकालाआधी पेढे कोण वाटणार! भित्री जमात सगळी.

११ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, दोघींचं बघा. "दोघींचं कशाला?" म्हटलं, जुळ्या आहेत, एकीला असेल तर दुसरीला असू शकतं ना? ठीक म्हणाल्या. एकीच्या छातीवर ते थंडगार जेल लावलं, ती भोकाड पसरून रडली. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हललं. "ही मोठी ना? छान आहे." मग दुसरी. बराच वेळ बघितलं. मी नवऱ्याचं मनगट इतकं आवळलं की अजून वळ आहे त्याच्या हातावर.

"बुजलंय! काही नाही. दोघीही ठणठणीत."

मग कागद पुढे ओढून विचारलं, "धाकटी कुठली? लिहायला." मी एकीकडे बोट दाखवलं. ही. धडधडीत खोटं. आता ते कधीच कोणाला कळणार नाही. मलाही नाही. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर डोकं ठेवून रडले, लाजलेबिजले नाही.

१२ एप्रिल

आता बघा गंमत! सकाळपासून नावांचा पाऊस, आणि सगळी धाकटीला! मास्तरांनी बावीस नावं आणली, लांबलचक, दम लागेल अशी. सुंठेवाचून खोकला गेलेला बघितला की लोकांना माया फुटते. नणंद म्हणते, "मी तर पहिल्यापासून म्हणत होते, धाकटीच चिवट आहे!" कुठल्या तोंडानं? त्याच. ते जाळीचं झबलं कुठेय म्हणून विचारतही होती.

सासूबाई मात्र वेगळंच बोलल्या. सगळे गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. "माझ्या आईचं नाव कुठलीलाही दे. धाकटीला दिलंस तरी चालेल. दुसरीला तुझ्या आईचं दे. दोघीच तर आहेत, एकीला आजीचं, एकीला पणजीचं. कुणाला कुठलं, ते तू ठरव." मी आईचं नाव या घरात एकदाही काढलं नव्हतं. यांना कसं सुचलं? मी त्यांना महिनाभर इथे काय काय म्हटलंय! गळ्यात पडले त्यांच्या. त्याही रडल्या.

१३ एप्रिल

फॉर्म समोर. दोघी पलंगावर. सकाळपासून एकीचा कान बघतेय, दुसरीची टाच बघतेय, पुन्हा पहिलीचा कान. सासूबाईंच्या आईंचं नाव कुठे लिहायचं त्याचं मला काही नाही. आईचं लिहायला मात्र पेन पुढे जात नाही. नवऱ्यानं विचारलं, "काय शोधतेस?" म्हटलं, काही नाही.

मोठी शोधतेय. दोघी झाल्या त्या दिवसापासून आईचं नाव माझ्या मनात धाकटीचं होतं. छिद्राचं कळलं त्याच दुपारी, डबा खाता खाता, मी ते काढून मोठीला दिलं होतं.