भादव्यातला रपटा

॥ श्री ॥
मोहटोला, १० मे २०००

चि. सौ. दुर्गेश्वरीस आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्त्यावर अजून जिल्हा भंडारा लिहितेस. वर्ष झालं आपला जिल्हा गोंदिया होऊन, पोस्टमन मला टोकतो.

शनिवारी अखातीज झाली. दरवर्षीसारखी नवी घागर पाण्यानं भरून मांडली आणि खाली चार ढेकळं ठेवली, आखाड, श्रावण, भादवा, अश्विन अशी. दुसऱ्या दिवशी उचलून पाहिली. आखाड भिजला, श्रावण चांगलाच भिजला. भादव्याचं ढेकूळ मात्र कोरडं निघालं. म्हणजे तुझ्या बाळंतपणाच्या दिवसांत इकडे उघडीप राहील. तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात काही बोलायचं नाही. आखाडात बाबा तुला घ्यायला येतील. मी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला काढली आहेत. शेजारची शामकला म्हणते, अजून चार महिने आहेत, आत्ताच कायले शिवून राहिली? तिला काय सांगू. हात रिकामा राहिला की मन कुठेही जातं.

रेडिओवर यंदा विदर्भात सरासरीइतका पाऊस सांगतात. त्या माणसाला आपला तलाव कुठे दिसतो? नागपूरला ऊन असतं तेव्हा आपल्या डोंगरांत ढग अडकून बसलेले असतात. म्हणून तर मी किराण्याच्या वहीत मागच्या पानांवर आपल्यापुरतं पाऊसपाणी लिहून ठेवते.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. जिना जपून उतर. लोभ आहेच, तो पत्रातून कळवत जा.

तुझी आई
रुख्मिणी


मुर्री, २८ मे २०००

ती. सौ. आईस दुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकं बरं वाटलं की दोनदा वाचलं. इथे सगळे चांगले आहेत गं, पण हे राइस मिलमधून येतात ते थकूनच, आणि दिवसभर मी भिंतीकडे पाहते. रात्री पाय वळतात. तुझ्याजवळ झोपायचं आहे.

तुझं पत्र सासूबाईंनाही वाचून दाखवलं. ढेकळाचं ऐकून त्या म्हणाल्या, तुझी आई मॅट्रिक शिकलेली, वहीत सगळं लिहिणारी. तिला विचार, भादव्यात तुमच्या गावाबाहेरच्या नाल्यावरचा रपटा किती दिवस पाण्याखाली असते. ढेकूळ नको सांगू, वही सांग म्हणा. इथून गोंदियाचा दवाखाना ऑटोने वीस मिनिटांवर आहे, तेही त्यांनी ऐकवलं. तुला माहीतच आहे त्यांचं बोलणं, गोड करून सांगणं त्यांना येत नाही. मला राग आला. मी म्हटलं, माझ्या आईला कळतं. तूच त्यांना नीट लिही, म्हणजे त्या पुन्हा विषय काढणार नाहीत.

बाबांना नमस्कार. तलाव किती आटला ते लिही. माया आहे तशी राहू दे.

तुझी
दुर्गा


॥ श्री ॥
मोहटोला, ९ जून २०००

चि. सौ. दुर्गेश्वरीस आशीर्वाद.

हे पत्र आठ दिवस लिहून राहिली आहे. तीन कागद फाडले. मी कागद फाडत नाही हे तुला ठाऊक आहे.

विहीणबाईंनी विचारलं म्हणून वही काढून बसले. अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. आखाडात तलाव भरत येतो, श्रावणात सांडव्यावरून पाणी पडू लागतं, आणि भादव्यात वरच्या डोंगरावर एक रात्र जरी पाऊस झाला तरी सगळं पाणी नाल्याला येतं. अकरांतल्या सात भादव्यांत रपटा बुडाला आणि गावाचा रस्ता तुटला. कधी एक दिवस, कधी दोन. त्र्याण्णव साली पाच दिवस. सत्त्याण्णवला शामकलाच्या सुनेला कळा सुरू झाल्यावर डोंग्यात घालून पलीकडे नेलं, ते तूही काठावर उभी राहून पाहिलंस. ती वाचली. तिचं लेकरू राहिलं नाही, हे तेव्हा तुला सांगितलं नव्हतं.

आता दुसरं. देवापुढे बसून लिहिते. भादव्याचं ढेकूळ कोरडं नव्हतं. घागर उचलली तर त्याचा नुसता चिखल झालेला. मी तुला उलटं लिहिलं. तू यावीस, माझ्या डोळ्यांसमोर असावीस, एवढंच मनात होतं. एरवी मी दुधवाल्याच्या मापातही खोटं चालू देत नाही, आणि अखातीजेच्या घागरीवर खोटं बोलले. त्या दिवसापासून पोथीत लक्ष लागत नाही.

तू येऊ नकोस. विहीणबाईंना सांग, त्यांचं बरोबर होतं.

माझ्यावर रागाव, पण पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझी आई
रुख्मिणी


मुर्री, २० जून २०००

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले. मग राग आला. ढेकळाचा नाही गं. शामकलाकाकूच्या सुनेचं तीन वर्षं लपवलंस, त्याचा. दोन दिवस जेवले नाही तेव्हा सासूबाईंनी पत्र मागितलं. मी दिलं. त्यांनी ह्यांच्याकडून पूर्ण वाचून घेतलं, तुझ्या खोट्यासकट.

त्या हसल्या. म्हणाल्या, मी आई असती त हेच केली असती. दुसऱ्या दिवशी समोरची खोली रिकामी केली. धानाची पोती ह्यांना आत न्यायला लावली, चूल नवी लिंपली. आता सांगतात तसं लिहिते:

"रुख्मिणीबाई, पोर माहेरी येऊ शकत नाही, त तुम्ही माहेर घेऊन या. पाणी चढायच्या आधी या. ती खोली तुमची, चूल तुमची. मी दारातून विचारल्याशिवाय आत येणार नाही."

बाबांना जेवणाचं कसं करायचं ते शामकलाकाकूला विचार. नाही म्हणू नकोस.

तुझी वाट पाहणारी
दुर्गा


मोहटोला, ९ सप्टेंबर २०००

सौ. रुख्मिणीस आशीर्वाद.

चुन्नीलालच्या दुकानात फोन आला, मुलगी झाली, दोघी खुशाल. पूर्ण गावात साखर वाटली. आता ऐक. भादवा लागल्यापासून इथे पाऊस नाही. सांडवा कोरडा, रपट्यावरून लेकरं सायकली फिरवून राहिली आहेत. एक दिवससुद्धा बंद झाला नाही. चुन्नीलाल म्हणतो, वहिनी उगाच दोन महिने विहिणीच्या दारी जाऊन बसल्या. मीही हसलो. पोर इथेच आली असती. शामकलाबाईंच्या भाजीत मीठ जास्त असते. कधी येशील?

टेकचंद


॥ श्री ॥
गोंदिया, १४ सप्टेंबर २०००

दुर्गाच्या बाबांस सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं कार्ड मुर्रीला आलं, ते जावईबापूंनी दवाखान्यात आणून दिलं. होय, आम्ही अजून इथेच आहोत. फोनवर खुशाल एवढंच सांगायला मीच लावलं होतं.

गेल्या आठवड्यात बुधवारी दुपारी दुर्गाला कळा सुरू झाल्या. मला नेहमीच्याच वाटल्या, मी तर पाणी तापायला ठेवलं. विहीणबाई पार्वताबाई दारातून विचारायचं विसरून सरळ आत आल्या, पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, ऑटो बोलवा. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. बाळाचे ठोके मंदावत होते. लगेच पोट उघडावं लागलं. नंतर त्या म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं, आईचंही सांगता आलं नसतं. आपल्या गावाहून इथवर तीन तासांचा रस्ता.

म्हणून तुमचं कार्ड वाचून मला हसू आलं नाही. रपटा उघडा होता. म्हणजे आपण निर्धास्त घरात बसलो असतो. पाऊस नाही, घाई कशाला, असं मीच म्हटलं असतं. सुईण बोलावली असती, मग जीप शोधली असती. मी पाण्याला भ्याले, आणि पाणी आलंच नाही. तरी त्या भीतीनेच पोरीला इथे ठेवलं. रात्री उठून दोघींच्या नाकाशी हात धरून पाहते. डॉक्टरीणबाई म्हणतात आता धोका नाही. मला पटायला वेळ लागेल.

चुन्नीलालभाऊंना हसू द्या. यातलं काही त्यांना सांगू नका, मी आल्यावर सांगीन, नाहीतर नाहीच सांगणार.

नात सावळी आहे, ओरडते फार. पार्वताबाई म्हणतात, आवाज आईच्या आईचा आहे. टाके सुकेपर्यंत मी हलणार नाही. तुम्ही मात्र रपटा उघडा आहे तोवर निघा.

वाट पाहते.
रुख्मिणी