दमदार झाडाचं पाणी

बाबा, सौंसरच्या रस्त्यावरची ती संत्र्याची बाग, जिथं तुम्ही मजुरीनं पाणी द्यायला जायचे, ती आता राहिली नाही. पण आज सकाळपासून तिथलं एकच झाड मला दिसून राहिलं आहे, विहिरीजवळचं. बहार धरावा म्हणून तुम्ही थंडीत बागेचं पाणी तोडलं होतं. मला त्या झाडाची कीव आली, मी आळ्यात गडवाभर पाणी ओतलं, तर तुम्ही केवढे रागावले. "पोट्टे, लाड करशील तर फुलंल काय ते?" मग पानं गळायला लागली. तुम्ही म्हणाले, बस झालं आता. मालक म्हणाला, "राहू दे अजून, दमदार झाड हाय, त्याले काय होते." मालकापुढे तुमची मान कधी वर झाली नव्हती. त्या दिवशी म्हणाले, "दमदार हाय म्हणून मारता काय मालक?" आणि पाण्याचा दांड फोडून बागेला पाणी सोडलं. तुमचं काम सुटलं. झाड फुललेलं आपण रस्त्यावरूनच पाहिलं.

तुम्ही न पाहिलेली तुमची नात विद्यापीठात शिकवते. तुमच्यासारखीच चिवट. विभागप्रमुखांनी तिचं टेबल संडासाजवळच्या बोळीत नेऊन टाकलं, हिनं तिथं फूलझाडाची कुंडी ठेवली. मीटिंगमध्ये सगळ्यांना चहा येतो, हिला नाही, तर म्हणते, "सर, माझ्यात साखर कमी." बाकीचे हसतात, साहेब हसत नाहीत. मग सगळ्यांच्या वाट्याचे तपासायचे पेपर हिच्याच टेबलावर. साहेब म्हणतात, "आप तो पांढुर्णा की हो मॅडम, आपको क्या होता है." म्हणजे गावाकडची, सोसणारी. आणि मीही फोनवर तेच म्हणत आले, तू खंबीर आहेस बाई.

सुटीत ती इथं पांढुर्ण्याला आली आहे. आज तिचे केस विंचरायला बसले, तर फणीत गळलेल्या केसांचा गुंताच गुंता निघाला. ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "आई, तक्रार देऊ का? नोकरी कराराची आहे, पुढच्या वर्षी साहेब सही करणार नाहीत. सगळे म्हणून राहिले, तुला तर सहन होतं."

माझा हात थांबला. "सहन होते म्हणून करतच राहाचं, असं कोणं सांगितलं तुले? दे तक्रार. मी येते तुझ्यासंगं."

उद्या पहिल्या बसनं आम्ही दोघी निघतो. हे पत्र कुठं टाकणार, डब्याखाली सरकवून ठेवते. तिला एक सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. बाजारात कोणी विचारलं की मी म्हणते, पोरगी प्रोफेसर आहे, आणि दुकानदार मला बसायला खुर्ची पुढे करतो. बाबा, तिची नोकरी गेली तर ती खुर्चीही जाईल, याची मला धास्ती वाटून राहिली आहे.