उबाल्दोला गेलेलं रिकामं पत्र

३ मार्च २००४, बुधवार

कॉम्प्युटर झपाटलाय! फोन उचलला की आत किर्रकिर्र. म्हणजे हा बाबा माझ्या परस्पर नंबर फिरवून इंटरनेटला लागतो! गिऱ्हाइकाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या पत्रिका छापायच्यात आणि एक ओळ टाईप केली की हा तोंड फिरवून बसतो. बंद केला, चालू केला. पुन्हा तेच. आई म्हणाली, "चर्चमधलं पाणी आणून शिंपड." म्हटलं, शिंपडते, मग तर कायमचाच बसेल.

४ मार्च

औषधाच्या दुकानातली दिल्सा रस्त्यातच ओरडली — "नेलिस, काय पाठवलंस मला ते? ईमेल रिकामा, खाली एक फाईल. उघडली आणि माझं मशीन गेलं की!" मी काहीही पाठवलेलं नाही. तिला पटेना. संध्याकाळी बार्रांकियाहून मामेबहिणीचा फोन — तुझं रिकामं पत्र आलं, बरी आहेस ना?

माझ्या नावाने हे कोण पाठवतंय?

५ मार्च, शुक्रवार

यादिराला बोलावलं. शाळेत कॉम्प्युटर शिकवते, तोंडाने फटकळ पण मनाची चांगली. आल्या आल्या तिने भिंतीतून फोनची वायरच उपटली. "व्हायरस आहे, बाई! हे सुरू व्हायच्या आधी काय उघडलंस? खरं सांग."

चर्चच्या कारकुनाकडून 'फोटो' म्हणून आलेलं. पत्रिकेवर लावायचा असेल म्हणून उघडलं, तर फोटोबिटो काही नाही.

"त्यानेही पाठवला नव्हता. त्याच्या मशीनने पाठवला, तुझ्या मशीनने पुढे ढकलला. गावभर खोकला पसरतो तसा."

तिने सीडी घालून झाडाझडती सुरू केली. तोवर जेवलो — नदीत मासे चढायचे दिवस, तळलेला बोकाचिको मासा आणि युकाचे उकडलेले कंद. यादिरा काटे काढता काढता सांगत होती : पासवर्ड बदल, सगळ्यांना फोन कर, नेलिसकडून आलेलं काही उघडू नका म्हणावं. मी हसत होते. सहज विचारलं, "पण दिल्साचा पत्ता तर मी साठवलेलाच नाही. एका बिलावर होता फक्त."

"मग? हा काय फक्त पत्त्यांच्या यादीत शोधतो? मशीनमधली प्रत्येक फाईल हुंगतो. कुठेही पत्ता दिसला की चिकटला."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

हातातला घास ताटात ठेवला. नारळाच्या वड्यांच्या कृतीखाली मी एक पत्ता लिहून ठेवला होता. कुणाला दिसू नये म्हणून!

६ मार्च

कुणाशी बोलू? कागदाशीच बोलते.

उबाल्दो, माझा धाकटा भाऊ. न्यायाधीशासमोर उभा राहून त्याने त्या बंदूकवाल्या माणसांची नावं घेतली — मास्तर लिबार्दोला शाळेतून ओढून कुणी नेलं ते सांगितलं. दुसऱ्या पहाटे मासळीच्या ट्रकमध्ये बर्फाखाली दडून गाव सोडलं. कुठे आहे, मलाही माहीत नाही. विचारायचं नाही असं ठरलेलं. त्या माणसांना घाई नाही. चौकात उघड म्हणतात — "म्हातारी मरू दे. नऊ रात्रींच्या प्रार्थनेला मुलगा येतोच."

आणि तो येणारच! जाताना बजावून गेला, "आई गेली तर या पत्त्यावर रिकामं पत्र टाक. एकही अक्षर नको. नवव्या रात्री, घरात मांडलेली वेदी उतरवायच्या आधी मी पोचेन."

मी म्हटलं, तेव्हाही येऊ नकोस रे.

"वेडी आहेस का? आईच्या आत्म्याला निरोपाशिवाय जाऊ देऊ घरातून? आणि ऐक, अक्षरं असतील तर मी विश्वास ठेवणार नाही. 'ये' लिहिलंस तर समजेन, तुझ्या मागे कोणी पिस्तूल धरून उभा आहे. 'येऊ नको' लिहिलंस तर समजेन, तू घाबरलीस. रिकामं असेल तेच खरं."

यादिराला भावाचं काही न सांगता आडून विचारलं. म्हणाली, हल्ली ईमेलच्या काही कंपन्या व्हायरसची फाईल वाटेतच कापून टाकतात, मग पोचतं ते नुसतं कोरं पत्र.

माझ्या नावाचं. कोरं. देवा!

तरी शाळेतल्या मशीनवरून लिहिलं — आई ठणठणीत आहे, हा व्हायरस होता, निघू नकोस! तीनदा लिहिलं, एकदा रागावून, एकदा हात जोडून, एकदा लहानपणीच्या नावाने. उत्तर नाही. रिकामं पत्र पाहिल्यावर तो पुढची पत्रं वाचत बसला असेल होय? तो उठून निघाला असेल.

७ मार्च, रविवार

आईला सांगितलं. आधी तिला कळेचना, मग भडकली.

"मला मारलंस? मी जिवंत असताना? आणि तेही एका शब्दाशिवाय! माझी कोंबडी मेली तरी मी चार बायकांना बोलावून सांगते!"

मग खुर्चीत बसली. मीच रडत होते.

"रडून काय होतंय? तो हमरस्त्याने बसनेच येणार ना? मी फाट्यावर जाऊन बसते. पिवळा झगा घालते. लांबूनच दिसेन. बघेल, की म्हातारी मेली नाही, आणि उलट्या बसने जाईल."

मला यापेक्षा बरं काही सुचलं नाही.

८ मार्च

आई फाट्यावर. कुणी विचारू नये म्हणून मक्याचे तळलेले वडे टोपलीत भरून नेले, विकायला. सगळ्यांनी विचारलंच! "तोमासामावशी, तुम्हाला कसली कमी पडली?" प्रत्येक बस थांबली की ही उठून उभी राहते, खिडक्या बघते, परत बसते.

दुपारी लाल मोटारसायकलवाला आला, त्या माणसांचा. वडा घेतला. फुंकर मारत विचारलं, "मावशी, वाट कोणाची बघताय?"

आई म्हणाली, "गिऱ्हाइकाची. तुझ्यासारख्या फुकट्याची नाही."

घरी येऊन हे सांगताना हसत होती. पण टोपली खाली ठेवताना उरलेले सगळे वडे सांडले.

९ मार्च

लाल मोटारसायकल आज दिवसभर फाट्यावर. आई उठली की तोही उठतो. ती ज्या खिडकीत बघते त्याच खिडकीत बघतो.

काय करून बसलो आम्ही!

१० मार्च

आईला ओढून घरी आणलं. ती आत येईना, दाराची चौकट धरून बसली — "सोड, सोड मला, पोरगं येईल आणि त्याला मी दिसणार नाही!" तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. आई तूच त्याला दाखवून देशील, तूच! हे बोलायला नको होतं. ती न जेवता झोपली.

आता फाट्यावर फक्त ते आहेत.

११ मार्च

यादिरा येऊन शेवटचं तपासून गेली. "स्वच्छ! नव्यासारखा पळतोय बघ. आता काही धोका नाही." मी मान डोलावली. पत्रिका छापून झाल्या, सुंदर आल्यात. बाळाचं नावही बरोबर आहे.

शाळेतून पुन्हा पत्र टाकलं. उत्तर नाही.

१२ मार्च, शुक्रवार

आई म्हणते, वाचलं असेल त्याने. चिडला असेल आपल्यावर, म्हणून उत्तर नाही. लहानपणी रुसायचा तेव्हा असाच गप्प बसायचा. असेलही! ईस्टर जवळ आला म्हणून तिने पपईचा मुरंबा लावलाय. म्हटलं एवढा कशाला? "असू दे," म्हणाली.

१३ मार्च

काही नाही. फाट्यावर आज कोणीच नाही. लाल मोटारसायकलही नाही. बरं वाटावं की वाईट, कळत नाही.

१४ मार्च, रविवार

मोटारसायकलवाला दारात आला. टोपी काढून हातात धरली. "तोमासामावशी गेल्याचं ऐकलं. फार वाईट झालं."

आई आत मुरंबा ढवळत होती. सकाळी साऱ्या गावाने तिला रविवारच्या मिस्साला पाहिलंय. त्यानेही पाहिलंय, चर्चसमोरच उभा होता. आई गेली असं समजणारा माणूस जगात एकच होता.

तो गेला. आई आतून विचारतेय, कोण होतं गं?